मी अडवून ठेवलेली सही

जसिंता,

तुझ्या मयताच्या मिस्सेत मी फार छान बोललो. तुला अजिबात आवडलं नसतं.

फादरनी घरच्यांपैकी कुणीतरी दोन शब्द बोलावेत म्हणून मान हलवली. तुझा थोरला भाऊ खिशातून घडी घातलेला कागद काढतोय, तोवर मी माइकपाशी पोचलोसुद्धा. माइक माझा, स्पीकर माझे, वायरी माझ्या. वसईतल्या निम्म्या लग्नांत टोस्टचं भाषण माझं असतं. मग स्वतःच्या बायकोच्या वेळी दुसऱ्याला बोलू देईन होय? मी त्यांना आपली पहिली भेट सांगितली. शाळेचं गॅदरिंग, मी स्पीकर दणाणून सोडलेले, आणि पांढऱ्या कोटातली एक सडपातळ टीचर तरातरा येऊन मला म्हणते, "अहो, तुमच्या आवाजानं माझ्या प्रयोगशाळेतल्या बरण्या थरथरतायत. त्यातल्या बेडकाला जाऊन वीस वर्षं झाली, आता तरी त्याला स्वस्थ पडू द्या." चर्च हसलं. पुढ्यात तुझी पेटी, बाजूला मेणबत्त्या, आणि चर्च हसतंय. पहिल्या बाकावरच्या सिस्टर तोंडावर रुमाल धरून गदगदत होत्या. मी हसू ओसरू दिलं, आवाज खाली आणला आणि शेवटचं वाक्य टाकलं. मग सगळे रडले. कुठे थांबायचं ते मला कळतं, तुला माहीतच आहे.

बाहेर लोक हात धरून म्हणाले, "इनासभाऊ, टीचर असत्या तर पोट धरून हसल्या असत्या." नसतीस हसली. घरी येऊन चपला काढता काढता म्हणाली असतीस, "सगळं सांगितलंस. जे सांगायला हवं होतं तेवढं सोडून."

ते एका वाक्याचं आहे. माणिकपूरच्या त्या दवाखान्यात आपलं एक भ्रूण गोठवून ठेवलेलं होतं, ते तुझ्या पोटात ठेवायला दोघांच्या सह्या लागत होत्या, तू केलीस, आणि मी सोळा महिने केली नाही.

बघ, लिहिलं. आता बाकीचं.

तिथे जाणं ही सुरुवातीपासून आपली चोरीच होती. धर्मसभेला हा मार्ग मान्य नाही हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. मी त्यावरून दोन रात्री तळमळलो आणि तू एका वाक्यात निकाल लावलास. "देवाला काचेच्या बशीतलं दिसत नाही, असं कुठे लिहिलंय?" म्हणालीस आणि हेल्मेट चढवलंस. स्कूटर दवाखान्यापासून चार इमारती अलीकडे, बेकरीसमोर लावायची. परत येताना बेकरीतून पाव घ्यायचे, म्हणजे कुणी विचारलं तर हातात पुरावा. त्या वर्षी आपण जितके पाव खाल्ले तितके कुणा पोर्तुगीजानंसुद्धा खाल्ले नसतील.

आणि तो दिवस आठवतो ना? आपण पडदा सारून आत शिरतो तर समोरच्या सोफ्यावर आपल्याच चर्चचा कॉयर मास्टर आणि त्याची बायको. चौघंही भिंतीवरच्या गुबगुबीत बाळांच्या फोटोंकडे बघायला लागलो, जणू प्रदर्शनाला आलोय. मीच आधी बोललो. "इथल्या साउंड सिस्टिमचं काम बघायला आलोय." तो म्हणाला, "असं? मी एसीचं." तो बिचारा बँकेत कारकून. तेवढ्यात काउंटरवरची मुलगी खणखणीत आवाजात ओरडली, "इनास कोण? नमुना द्यायला आत या!" मी उठलो, शर्ट सरळ केला आणि कॉयर मास्टरला म्हणालो, "माइक टेस्टिंगला बोलावतायत."

तू हसलीस, जसिंता. पर्समध्ये तोंड घालून हसलीस. कॉयर मास्टरची बायको हसली, मग तो हसला. त्या खोलीत बाकीच्या सगळ्या बायका मान खाली घालून बसलेल्या, त्याही हसल्या. ती गोष्ट मी कुठल्याही लग्नात सांगू शकत नाही आणि माझ्या सगळ्या गोष्टींत तीच चांगली आहे. तुझ्यासमोर मी ती किती वेळा सांगितली असेल? प्रत्येक वेळी तू पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकायचीस. त्यासाठी मी तुझे कधी आभार मानले नाहीत. माझं प्रत्येक भाषण आधी तू ऐकायचीस, भाजी निवडत. "हा विनोद नवरीच्या आजीला लागेल" म्हणून काढून टाकायचीस. लोक ज्याला माझी हुशारी म्हणतात, त्यातली अर्धी तू काढून टाकलेली वाक्यं आहेत.

तर, दोन भ्रूणं टिकली. पाच दिवस बशीत वाढल्यावर त्यांच्या बाहेरच्या थरातल्या चार-पाच पेशी तपासायला पाठवल्या आणि दोघांना गोठवलं. तीन आठवड्यांनी रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा तू शाळेत होतीस. दोघांचीही गुणसूत्रं ठीक. खाली आणखी एक ओळ होती, मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचं प्रमाण. पहिल्याचा आकडा लहान, दुसऱ्याचा जवळजवळ दुप्पट. मी ते शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं वाचलं. दुसरा पहिल्या नंबरात आला! मी थेट बाजारात. अर्नाळ्याहून येणाऱ्या जनामावशीच्या टोपलीतले सगळ्यांत मोठे दोन सरंगे उचलले.

"आज कोनाचा सन, इनास?" ती म्हणाली.

"पोराचा. पहिल्या नंबरात आलाय."

"तुला कवा पोर झाला?"

"व्हायचाय."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं, तिसरा मासा काढून माझ्या पिशवीत टाकला. "हा बायला दे. कोनाला सांगनार नाय." आणि रविवारच्या मिस्सेपर्यंत अर्ध्या गावाला कळलं.

तू संध्याकाळी आलीस, तळलेल्या माशांचा वास घेतलास, रिपोर्ट वाचलास, आणि खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. "अरे, हे मार्क नव्हेत. इथे कमी ते चांगलं मानतात."

मग ताटात भाताची दोन मुटकी करून तू मला शिकवलंस. मायटोकॉन्ड्रिया, मराठीत तंतुकणिका, म्हणजे पेशीच्या चुली. प्रत्येक चुलीत तिचा स्वतःचा थोडासा डीएनए. जे भ्रूण निवांत आहे त्याला थोडक्यात भागतं, ज्याच्यावर ताण आहे ते चुलींवर चुली मांडत सुटतं, म्हणून आकडा मोठा असेल तर रुजण्याची शक्यता कमी, असं काहींचं म्हणणं.

"काहींचं?" मी विचारलं.

"काहींना तसं दिसलं. काहींना काहीच फरक दिसला नाही. त्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही."

"मग छापलं कशाला?"

"मोजता येतं म्हणून मोजलं, मोजलं म्हणून छापलं." तू माशाचा काटा काढत म्हणालीस. "आणि ऐक, तंतुकणिका फक्त आईकडून येतात. बापाच्या आत शिरल्या तरी टिकत नाहीत. तेव्हा हा जो जास्तीचा आकडा आहे तो सगळा माझा. जन्मात पहिल्यांदा एखाद्या गोंगाटाला तू जबाबदार नाहीस."

मी किती हसलो त्या दिवशी. तू बोललीस ते मी हसण्यावारी नेलं आणि तू मात्र ते बोलून झाल्यावर काही वेळ ताटाकडे बघत होतीस. हे मला आत्ता दिसतंय.

डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी कमी आकड्याचं ठेवू. तू म्हणालीस, ठेवा. मी तर म्हणालोच.

ते रुजलं नाही.

निकाल शनिवारी दुपारी आला. तू जेवणाच्या टेबलावर आठवीच्या चाचणीचे पेपर तपासत होतीस. फोन वाजला, तू वाचलंस, फोन पालथा ठेवलास आणि पुढचा पेपर ओढलास. मला कळलं. मी समोर बसून राहिलो. तू एकेक पेपर संपवत गेलीस, सगळा गठ्ठा. आणि मी, जसिंता, मला गप्प बसवेना म्हणून मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही, पण विनोद होता. तू मान वर केलीस. तुझ्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. घराची दारं-खिडक्या उघड्या असाव्यात आणि आत कुणी राहत नसावं, तसा तो चेहरा होता. मग तू पुन्हा खाली बघितलंस.

दुसऱ्या दिवशी तू चर्चला गेल्यावर मी ते पेपर उघडून बघितले. पोरांनी कोऱ्या सोडलेल्या जागांवरही तू बरोबरची खूण केली होतीस. प्रत्येकाच्या. रविवारी दुपारी तू ते सगळे पुन्हा तपासलेस, आधीच्या खुणा खोडून.

तीन महिन्यांनी तू दुसऱ्या भ्रूणासाठीचा संमतिअर्ज आणलास. तुझी सही झालेली होती, वळणदार, फळ्यावरच्या अक्षरासारखी. खाली माझी जागा मोकळी.

त्यानंतर मी जे केलं ते सांगताना मला स्वतःची किळस येते आणि तरीही ते सांगताना माझा हात सराईतपणे चालतोय, हे बघून आणखीच. मी म्हणालो, पेन चालत नाही. म्हणालो, लग्नांचा हंगाम जाऊ दे. हंगाम गेला तर म्हणालो, उपवासकाळ लागला, या दिवसांत बिशपसाहेबांना आवडणार नाही. तू म्हणालीस, "बिशपसाहेबांना कुठल्या दिवसांत आवडणार आहे?" मी म्हणालो, मे महिन्यात फार उकडतं, भ्रूण गारठ्यातून बाहेर यायला तयार व्हायचं नाही. तू हसलीस. आधी हसायचीस. मग अर्धं हसायला लागलीस. आणि सगळे विनोद संपले की मी तो आकडा काढायचो.

"डॉक्टरांनीच मागे ठेवलाय त्याला. दुप्पट आकडा. नापास पोराला वरच्या वर्गात ढकलायचं म्हणतेस?"

तू कपडे घडी करत होतीस. हातातला टॉवेल तसाच राहिला. "एका चाचणीवर मी आजवर कुणाला नापास केलेलं नाही, इनास. तू माझ्याच घरात माझ्याच मुलाला करतोयस."

तेव्हा मी सही करायला हवी होती. तिथल्या तिथे. त्याऐवजी मी टाळ्या वाजवल्या. म्हणालो, "वा! हे वाक्य गॅदरिंगला वापरू या."

आणि एकदा, कधी ते नक्की आठवत नाही, बहुधा जूचंद्रच्या लग्नावरून परतताना, मागच्या सीटवरून तू विचारलंस, "तुला राग त्या आकड्याचा येतो की माझा?" मला वाऱ्यात नीट ऐकू आलं होतं. मी ओरडून म्हणालो, "काय? जेवण? जेवण मस्त होतं!" तू पुन्हा विचारलं नाहीस. माझ्या शर्टाला धरलेला तुझा हात सुटला आणि तू मागचा दांडा धरलास.

गेले पाच आठवडे मी त्या प्रश्नापाशी बसून आहे. सोळा महिने मी आकडा, आकडा करत होतो आणि तो आकडा तुझा होता. तूच मला सांगितलं होतंस, सगळा आईकडूनच येतो. मी प्रत्येक वेळी "दुप्पट" म्हणायचो तेव्हा तू काय ऐकत होतीस? तुझ्यातलं काहीतरी बिघडलेलं आहे आणि नवऱ्याला ते पोटात नको आहे? मला हे एकदाही सुचलं नाही, जसिंता. शपथ घेऊन सांगतो, पण शपथ घेऊन तुला काय उपयोग? ज्याला लग्नाच्या मांडवातल्या पाचशे माणसांपैकी कोण कशावर दुखावेल ते कळतं, त्याला समोर बसलेल्या एका बाईचं कळलं नाही.

त्या आकड्यावर माझा विश्वास कधीच नव्हता. तुझं त्या जेवणावेळचं वाक्य माझ्या डोक्यात पक्कं होतं, भांडण अजून मिटलेलं नाही. मला तो शनिवार नको होता. तो गठ्ठा, तो पालथा फोन, तो चेहरा. एक भ्रूण गोठलेलं आहे तोवर आपल्याकडे काहीतरी आहे, ते ठेवलं आणि गेलं तर तू त्या चेहऱ्यानं माझ्यासमोर जन्मभर बसशील, आणि तुला हसवायला माझ्याकडे काही उरणार नाही, याची मला भीती वाटत होती. "मला भीती वाटते" हे तीन शब्द आहेत. मी इतक्या लग्नांत इतकं बोललो, हे तीन शब्द मला घरात बोलता आले नाहीत. तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. तू म्हणाली असतीस, "मग मला नाही वाटत?" आणि आपण सही केली असती.

शेवटचा रविवार. जेवण झालं, तू अर्ज टेबलावर ठेवलास, तिसऱ्यांदा आणलेला, नवा, कारण आधीच्या दोन्हींवर माझ्या चहाचे डाग. "इनास, मला बेचाळीस झालीत. हो म्हण, नाहीतर नाही म्हण. नाही म्हणालास तर मी भांडणार नाही. पण मला गोष्ट नको."

मी म्हणालो, "गोष्ट नाही, पण अर्नाळ्याला एकदा काय झालं..."

तू उठलीस. अर्ज उडू नये म्हणून त्यावर साखरेचा डबा ठेवलास आणि मागे मोगऱ्याला पाणी घालायला गेलीस. त्यानंतर बारा दिवस आपण चांगले होतो, हसलो, भावाच्या घरी जेवायला गेलो. बाराव्या दिवशी नववी 'ब'च्या वर्गात फळ्यावर पेशीची आकृती काढता काढता तुझं डोकं दुखलं आणि तू टेबलाला धरून खाली बसलीस. पोरांना वाटलं, टीचरचा खडू पडला. मी हॉस्पिटलात पोचलो तोवर डॉक्टर माझ्याशी बोलत होते, तुझ्याशी नाही.

तुझ्या महिन्याच्या मिस्सेनंतर मी माणिकपूरला गेलो. या वेळी स्कूटर थेट दारात लावली. डॉक्टरबाईंनी पाणी दिलं. मी विचारलं, आता काय करता येईल? दुसरी कुणी बाई ते वाढवू शकेल का? बहीण, भाचेसून, कुणीही. त्या म्हणाल्या, "एकट्या पुरुषाला कायद्यानं ती वाट नाही, इनासभाऊ." आणखी काही वर्षं गोठवून ठेवता येतं, रीतसर कागदपत्रं करून संशोधनाला देता येतं किंवा बाहेर काढून संपू देता येतं. एवढंच.

मी म्हणालो, "नाहीतरी त्याचा आकडा मोठाच होता." अजून मला सवय सुटलेली नव्हती.

बाईंनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, "तो आकडा आम्ही आता कुणाला सांगत नाही. लॅबनंही छापणं बंद केलंय. त्यावरून निवड करावी असं काही पक्कं ठरलं नाही."

"कधीपासून?"

"वर्ष तरी झालं. मी मॅडमना सांगितलं होतं की."

तू मला हे सांगितलं नाहीस. की सांगितलंस? मी तेव्हापासून आठवतोय. तू सांगितलंही असशील. मी तेव्हा बोलत असेन.

काल मी सही केली. तिसऱ्या पर्यायावर, बाहेर काढून संपू देण्याच्या. लोकांना कळलं तर ते म्हणतील, बरं केलंस, सुटलास. फादरना मी सांगितलं तेव्हा ते खुर्ची माझ्याजवळ ओढून बसले फक्त. पण तुला खरं सांगतो. मला सुटायचं नव्हतं. संशोधनाचा कागद तुला आवडला असता हेही माझ्या मनात आलं. तरी मी हाच पर्याय घेतला, कारण यातच ते लगेच बाहेर काढतात आणि मला बघता येणार होतं. तू मला सांगितलं होतंस, गोठवताना भ्रूण आकसतं, बाहेर काढल्यावर जिवंत असेल तर दोन-तीन तासांत पाणी घेऊन पुन्हा फुगतं. मला ते बघायचं होतं. मेलेलंच निघालं तर मी बरोबर होतो, असं मला म्हणता आलं असतं. म्हणजे ही सहीसुद्धा मी माझ्यासाठीच केली.

आज सकाळी अकराला त्यांनी ते काढलं. लॅबमधली प्रणाली, विरारची, तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असेल. तिनं मला बाहेरच्या खोलीत पडद्यासमोर बसवलं. "सर, तासाभरानं एकदा दाखवते. सारखं बाहेर काढता येत नाही." पहिल्यांदा दाखवलं तेव्हा चुरगळून टाकलेल्या कागदाच्या बोळ्यासारखं काहीतरी दिसलं. मी म्हणालो, "झालं ना? गेलंय ना?" ती म्हणाली, "सगळे सुरुवातीला असेच दिसतात."

बाराला कडेला एक पोकळी दिसली, चंद्रकोरीएवढी. एकला ती अर्धी झाली. दोन वाजता ते पुरतं फुगलं होतं. गोल, ताणलेलं, आत एका बाजूला पेशींचा गच्च पुंजका. प्रणालीनं बोट दाखवून सांगितलं, मूल याचंच बनतं. पडद्यावर ते हलकंसं धडधडल्यासारखं वाटलं. ती म्हणाली, तसं नसतं, माझा भास आहे.

"छान उघडलंय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून घाईघाईनं म्हणाली, "पण सर, उघडलं म्हणजे रुजलंच असतं असं नाही हं. ते कुणालाच सांगता येत नाही."

मी म्हणालो, "माहीत आहे."

खरंच माहीत आहे, जसिंता. कदाचित पुन्हा तोच शनिवार आला असता. तो तुझा होता आणि मी तो तुझ्याकडून काढून घेतला. तुला हरायचीसुद्धा संधी दिली नाही.

मी तिला विचारलं, आता पुढे काय. तिनं जमिनीकडे बघत सांगितलं. बशी उबेत परत ठेवायची नाही. टेबलावर ठेवायची. हळूहळू होतं. "किती वेळ?" ती म्हणाली, काही तास, नक्की नाही सांगता येत. मी विचारलं, तोपर्यंत बसू का? तिचे डोळे भरले होते, पण लॅबचा नियम होता. मी उठलो. तिच्यासमोर काहीतरी बोलावं असं वाटलं, मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे काहीच नव्हतं. मी तसाच बाहेर आलो.

खाली रिक्षा स्टँडपाशी उभा राहिलो. एक रिक्षावाला म्हणाला, "इनासभाऊ, सोडू का कुठे?" मी नको म्हणून मान हलवली. चार वाजले, पाच वाजले. वरच्या मजल्यावर डावीकडून दुसरी खिडकी लॅबची. या जगात तुझं म्हणून जे काही जिवंत होतं ते तिच्या आत, टेबलावर, एका बशीत होतं. साडेपाचला प्रणाली खाली उतरली आणि मला न बघता गेली. तिच्यामागून शिपाई आला, त्यानं दिवे घालवले. तरी मला निघता येईना. ते किती वाजेपर्यंत होतं ते मला कधीच कळणार नाही, म्हणून मी अंधार पडेपर्यंत थांबलो, आणि त्यानंतरही थोडा वेळ.